पगाराचा आकडा आणि मधली वर्षे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



गेली अकरा वर्षे मी या मंडळाची सभासद आहे. या अकरा वर्षांत मी इथे सतरंज्या घातल्या, तिळगुळाच्या पुड्या बांधल्या, दोन वर्षे हिशेब तपासले; परंतु भाषणाला उभे राहण्याचा प्रसंग आजवर आला नाही, आणि आला असता तर मी तो टाळलाच असता. चिटणीसबाईंनी विषय विचारला, तेव्हा मी माझ्या धंद्याला धरून ‘घरातील विजेची बचत’ असे सांगितले. त्या म्हणाल्या, “बचत आम्ही जन्मभर करीत आलो आहोत. तुम्ही मिळकतीचे बोला. नातवंडांना इंजिनिअर करायचे म्हणून घरोघर कर्जे निघताहेत. पुढे पगार किती पडतो, कशाने वाढतो, हे आमच्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?” तेव्हा आजचा विषय माझा नसून त्यांचा आहे, हे आधीच सांगून टाकते.

तो मी पत्करला याला मात्र आणखी एक कारण घडले. गेल्या जूनमध्ये आपल्यातल्याच एक भगिनी माझ्याकडे आल्या. नाव सांगत नाही; हकीकत सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे. एका हातात कुठल्याशा महाविद्यालयाचे गुळगुळीत माहितीपत्रक आणि दुसऱ्या हातात रुमालात बांधलेल्या सोन्याच्या पाटल्या. घरात नातू आणि नात, दोघेही यंदा प्रवेशाला उभे. नातवाने एक वर्ष पुन्हा दिले होते. सीईटीत नातीचे गुण त्याच्यापेक्षा बरेच चांगले. घरात ठरले असे, की नातवाला व्यवस्थापन कोट्यातून पुण्याला संगणकाच्या शाखेत घालायचे, त्यासाठी पाटल्या मोडायच्या. आणि नातीने इथेच बी.एस्सी. करायचे. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर एका हसऱ्या मुलाचे छायाचित्र आणि त्याखाली ‘चव्वेचाळीस लाख’ हा आकडा. बाई मला म्हणाल्या, “वहिनी, एवढे खरेच मिळतात का हो? मिळत असतील तर पाटल्यांचे मला काही वाटत नाही.”

त्यांच्याजवळ बसून त्या दुपारी मी जे बोलले, तेच आज थोडे विस्ताराने सांगणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, ‘पॅकेज’ हा पगार नव्हे. आपल्या वेळी पगार म्हणजे एक तारखेला पाकिटातून हाती पडत असे ती रक्कम. हल्लीचा आकडा म्हणजे त्या माणसापायी कंपनीला वर्षभरात जो एकूण खर्च पडतो तो. समजा, पत्रात सहा लाख लिहिले आहेत. आपण लगेच बाराने भागतो आणि म्हणतो, महिना पन्नास हजार. आता पत्राचे दुसरे पान उलटा. मूळ वेतन महिना २५,००० धरू. त्यावर कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी १२ टक्के, म्हणजे वर्षाचे ३६,०००, हे सहा लाखांतच धरलेले. ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे साडेचौदा हजार. तीही धरलेली, आणि कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षे पुरी केल्याशिवाय हाती येत नाही. विम्याचा हप्ता साडेनऊ हजार. वर्षअखेर काम पाहून द्यायची रक्कम ६०,०००; ती मिळेल, अर्धी मिळेल किंवा मुळीच मिळणार नाही. हे सारे वजा जाता महिन्याला उरले चाळीस हजार. त्यातून मुलाचा स्वतःचा निधीचा वाटा ३,००० आणि व्यवसायकर २०० गेला, की हाती येतात ३६,८००. त्यात कोणी फसवले असे नाही. पत्र नीट वाचले नाही, एवढेच.

चव्वेचाळीस लाखांच्या आकड्यात तर आणखी गमती असतात. कंपनीचे शेअर धरलेले असतात, ते चार वर्षांत थोडेथोडे हाती यायचे. रुजू होताना एकदाच मिळणारी रक्कम पहिल्या वर्षाच्या पगारात मिळवलेली असते. नोकरी परदेशातली असेल तर तिथला पगार रुपयांनी गुणतात. तिथले घरभाडे मात्र कोणी गुणून दाखवीत नाही.

दुसरी गोष्ट सरासरीची. आपल्या मंडळाच्या इमारत निधीला दहा जणींनी देणग्या दिल्या असे धरा. नऊ जणींनी शंभर-शंभर दिले आणि एका भगिनीने दहा हजार. सरासरी निघाली १,०९० रुपये. इथे बसलेल्या कोणाही बाईने १,०९० दिलेले नाहीत, तरी आकडा खोटा नाही! महाविद्यालयांची ‘सरासरी’ ही अशीच असते. विचारायचा तो मध्यक. सगळ्या मुलांना पगाराच्या उंचीप्रमाणे ओळीत उभे केले, तर बरोबर मधोमध जो उभा राहील त्याचा पगार. आपल्या देणगीच्या उदाहरणात तो शंभर रुपये. आणि ओळीत उभी केलेली मुले एकंदर किती होती, हेही त्याच दमात विचारावे. कारण वर्गात शंभर मुले असून नोकरी चाळिसांनाच लागली असेल, तर मध्यक त्या चाळिसांचा असतो.

हे विचारायला कोणाच्या पाया पडावे लागत नाही. केंद्र सरकार २०१६ पासून संस्थांची क्रमवारी लावते, तिला एन.आय.आर.एफ. म्हणतात. तीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला किती मुले घेतली, किती ठरल्या मुदतीत उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मध्यक पगार किती, हे भरून द्यावे लागते. ते कागद संस्थेच्या संकेतस्थळावर सापडतात. माहिती संस्थेनेच दिलेली असते, तेव्हा थोडे मीठ घालून वाचावी. पण गुळगुळीत चित्रापेक्षा ती बरी. त्या दुपारी आम्ही दोघींनी नातीच्या मोबाइलवर ते पान काढले. त्या महाविद्यालयाचा मध्यक साडेचार लाखांच्या आत निघाला. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालून तोच आकडा वाचला.

आता सर्वांचा आवडता प्रश्न. कोणत्या शाखेला पगार जास्त? माझे उत्तर ऐकून पुष्कळजणी नाराज होतात. कारण शाखा आणि पगार यांचे लग्न कायमचे कधीच लागलेले नाही. १९६७-६८ च्या मंदीत आपल्या देशात पदवीधर इंजिनिअर बेकार हिंडत होते. पुढे संगणकाचे दिवस आले. २००१ मध्ये आणि २००८-०९ मध्ये त्यालाही ओहोटी लागली. अगदी अलीकडे, २०२१-२२ मध्ये कंपन्यांनी मुले अक्षरशः पळवापळवी करून घेतली; आणि पुढच्या दोन वर्षांत नेमणुकीची पत्रे हाती असलेली मुले महिनोन्‌महिने घरी बसली होती. पेट्रोलियम इंजिनिअरिंगचे पगार जगभर वरच्या पंक्तीला असतात. परंतु २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेले कच्चे तेल २०१६ च्या जानेवारीत तिसाच्या खाली आले, आणि त्याच पंक्तीतली हजारो पाने उठली. बारावीच्या मुलाची शाखा आज निवडायची आणि पीक चार वर्षांनी काढायचे. बाजारभाव पाहून कांदा लावणाऱ्यांचे काय होते, हे नाशिककरांना मी सांगायला नको.

तरीही थोडी माहिती देते. मोठ्या संगणक-सेवा कंपन्या नव्या पदवीधराला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात. पंधरा वर्षांपूर्वीही हा आकडा तीन-सव्वातीन लाखांच्या घरातच होता. मधल्या काळात दूध, डाळ आणि पुण्यातली खोली कुठे गेली ते आपण जाणतोच. स्वतःचे सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या कंपन्या याच्या कितीतरी पट देतात. पण त्या मोजकी मुले घेतात आणि परीक्षा घेऊन घेतात. स्थापत्याच्या मुलाला बांधकामावर पहिल्या नोकरीत महिना वीस हजारांच्या आसपास मिळतात, आणि उन्हात उभे राहावे लागते. सरकारी नोकरीचे सांगायचे, तर सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून केंद्राच्या कनिष्ठ अभियंत्याचे मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू केले, आणि लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या वर्ग एकच्या अधिकाऱ्याचे ५६,१०० पासून. त्यावर महागाईभत्ता आणि घरभाडे वेगळे. ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर सरकारी मालकीच्या कंपन्यांत घेतात. तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या अधिकाऱ्याला २०१७ च्या वेतनसुधारणेप्रमाणे मूळ वेतन ५०,००० पासून. पहिल्या दिवशी हे पगार डोळे दिपवीत नाहीत, पण पाठीशी उभे राहतात.

मग मोठा पगार येतो कुठून? माझ्या छत्तीस वर्षांत, मधली सहा सोडून, मी जे पाहिले ते असे. चुकीची किंमत जिथे मोठी, आणि ती चूक टाळू शकणारी माणसे जिथे थोडी, तिथे पगार मोठा. बेंगळूर, हैदराबाद आणि पुण्यात हल्ली चिपचे आराखडे तपासण्याचे काम चालते. आराखडा कारखान्यात गेल्यावर चूक सापडली, तर कोट्यवधी रुपयांचे साचे नव्याने करावे लागतात. म्हणून ती चूक आधीच पकडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला चांगले पैसे मिळतात. मुंबईत आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा मेट्रोमार्ग जमिनीखालून गेला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने उघडत २०२५ च्या ऑक्टोबरात तो पुरा झाला. वर जुन्या चाळी आणि खाली बोगदा खणणारे यंत्र! अशा कामाचा आठ-दहा वर्षांचा अनुभव असलेला स्थापत्य इंजिनिअर मग पगार मागत नाही, सांगतो. आरंभी त्यालाही वीस हजारच मिळत होते. त्याच्या शाखेचे नाव तेच राहिले. वाढली ती वर्षे.

याच ठिकाणी माझ्या म्हणण्याचा गाभा आहे, आणि तो सांगताना मला स्वतःचे थोडे सांगावे लागेल.

माझे वडील कोयना प्रकल्पाच्या एका कचेरीत कारकून होते. धरणाची वीज दूरवर जाताना त्यांनी पाहिली आणि मुलीला म्हणाले, “तू वीज शीक.” कराडच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून मी १९७८ साली विद्युत शाखेची पदवी घेतली, मामांच्या घरी राहून. वर्गात मुली आम्ही दोघी. त्या काळी हे नवलाचे होते, तरी अगदी पहिले नव्हते. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून स्थापत्याची पदवी घेतली आणि पुढे पुलांच्या बांधणीत नाव मिळवले. लीला पूनावाला १९६७ साली पुण्याहून यंत्रशाखेच्या पदवीधर झाल्या आणि एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखपदापर्यंत पोचल्या. सुधा मूर्ती यांची १९७४ सालची हकीकत आपण ऐकली असेल. ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ अशी जाहिरात वाचून त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले होते. मी कोणाला पोस्टकार्ड लिहिले नाही. इथल्या सातपूरच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात मला शिकाऊ म्हणून घेतले. महिना साडेसातशे रुपये.

१९८० साली लग्न झाले. हे बँकेत. १९८२ साली मुलगी झाली आणि १९८३ साली मी नोकरी सोडली. कोणी जबरदस्ती केली असे म्हणणार नाही. एके रात्री जेवणे झाल्यावर हिशेब मांडला गेला, एवढेच. माझा पगार इतका. त्यातून मूल सांभाळायला बाई ठेवली तर तिचे इतके, बसचे इतके, बाहेरच्या साड्या-चपलांचे इतके. उरते काय? सासूबाई म्हणाल्या, “शंभर रुपयांसाठी पोरीचे हाल कशाला?” मलाही ते पटले. मी गणितात वर्गात पहिली असे, आणि त्या हिशेबातली चूक मला दिसली नाही!

चूक दोन ठिकाणी होती. मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार माझ्याच पगारातून का वजा केला? मूल काय माझ्या एकटीचे होते? ह्यांच्या पगारातून अर्धा वजा केला असता, तर उत्तर निराळे आले असते. आणि दुसरी चूक याहून मोठी. आम्ही हिशेब मांडला तो पाचव्या वर्षाच्या पगाराचा. इंजिनिअरचा पगार पायरीपायरीने चढतो आणि खालच्या पायऱ्या फार बुटक्या असतात. खरी चढण साधारण चौथ्यापासून बाराव्या वर्षापर्यंत असते. त्या वर्षांत माणूस एका कामात मुरतो, एकट्याच्या सहीने काम सोडू लागतो आणि दुसरे कारखाने त्याला बोलावू लागतात. मुलीच्या वयाने मोजले तर ही वर्षे कोणती? पंचवीस ते चौतीस. म्हणजे आपण जिला दोनाचे चार आणि चाराचे पाच करण्यासाठी घरी बसवतो, तीच वर्षे!

१९८९ मध्ये मी परत गेले. त्याच कारखान्यात नव्हे, दुसरीकडे. आणि माझ्याबरोबर लागलेली मुले तोपर्यंत ज्यांच्या हाताखाली दहा माणसे अशा जागी होती. मी पुन्हा खालच्या पायरीवर. तिथे मला एका गोष्टीने हात दिला. विजेच्या वाहिनीवर दोष झाला, म्हणजे तार तुटून पडली किंवा फांदी पडली, की क्षणार्धात त्या भागाचा पुरवठा तोडावा लागतो. हा निर्णय जे उपकरण घेते त्याला रिले म्हणतात. घरातले उदाहरण घ्या. स्वयंपाकघरात मिक्सरचा घोटाळा झाला तर तिथलाच फ्यूज जावा, सबंध चाळ अंधारात जाऊ नये. मोठ्या उपकेंद्रात हाच क्रम सेकंदाच्या दशांशात बसवावा लागतो. जुने रिले तबकडीचे असत, घरच्या जुन्या मीटरसारखे. वरिष्ठांची त्यावर हयात गेली होती. नव्वदच्या सुमारास आमच्याकडे संगणकी रिले येऊ लागले. ते वरिष्ठांनाही नवे आणि मलाही नवे. सहा वर्षे घरी बसलेली मी आणि वीस वर्षे नोकरी केलेले ते, आम्ही एका ओळीत उभे राहिलो. पुस्तिका जाडजूड आणि इंग्रजी. रात्री मुलगी निजल्यावर मी त्या वाचीत असे.

मग बाहेरगावी जाण्याचा प्रश्न आला. उपकेंद्र सुरू करून द्यायचे म्हणजे तीन-चार दिवस तिथेच राहायचे. मी साहेबांना नाही म्हणून सांगायला निघाले होते. सासूबाई देवासमोर वाती वळीत होत्या; मान वर न करता म्हणाल्या, “जा तू. पोळ्या मी करीन, वेणी तिचा बाप घालील.” त्याच सासूबाई! माणसे बदलतात हे मी पुस्तकात वाचले होते, घरात पाहिले. ह्यांनी घातलेली पहिली वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटली होती, ही गोष्ट निराळी. पण ती वेणी आणि त्या पोळ्या नसत्या, तर माझा पगार खालच्या पायरीवरच राहिला असता. म्हणून मी म्हणते, पगार कारखान्यात ठरतो तितकाच तो स्वयंपाकघरात ठरतो.

एक कडू गोष्टही सांगते. पुढे काही वर्षांनी, मी ज्याला काम शिकवले त्या मुलाच्या पगाराचा कागद चुकून माझ्या टेबलावर आला. तो माझ्यापेक्षा जास्त घेत होता. मी चौकशी केली. उत्तर मिळाले, “बाई, तुमच्या मिस्टरांची बँकेची नोकरी आहे ना? त्याला घर चालवायचे आहे.” स्त्री-पुरुषांना सारख्या कामाला सारखे वेतन द्यावे असा कायदा या देशात १९७६ सालीच झाला होता. मला तो ठाऊक होता. तरी त्या दिवशी मी चहाचा कप उचलून जागेवर जाऊन बसले, आणि त्यानंतर दोन वर्षे गप्प बसले. मग एका कारखान्याचे बोलावणे आले, तेव्हा ते पत्र हाती धरून मागितले आणि फरकाचा बराचसा भाग मिळाला. मागची दोन वर्षे गेली ती गेलीच. आपण मुलींना शिकवतो की मागू नये, मागणे बरे दिसत नाही. रुखवतापुरते ते ठीक आहे. पगार न मागणाऱ्याला कोणी उठून आणून देत नाही.

आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, आणि ती आपल्याला ठाऊक असावी. बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये ती रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक माणसे जिथे कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. पुण्याला महर्षी कर्वे स्त्रीशिक्षण संस्थेने १९९१ साली केवळ मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. आय.आय.टी.मध्ये २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा ठेवल्या. एवढे होऊनही २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत बी.ई., बी.टेक. शिकणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांत मुली एकोणतीसच्या आसपास होत्या. आमच्या वर्गातल्या दोघींच्या मानाने हे खूपच. पण एकोणतीस जणी वर्गात बसल्या आणि मधल्या वर्षांत त्यांतल्या किती उठून गेल्या, हे आपापल्या घरात आणि शेजारी पाहिले तर कळेल.

आणखी एक माहिती, जिच्यासाठी त्या भगिनी माझ्याकडून दोनदा लिहून घेऊन गेल्या. आपल्या राज्य सरकारने ८ जुलै २०२४ रोजी निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. पूर्वी ते निम्मे माफ होते. अट अशी, की प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. वसतिगृह आणि जेवण यांचा खर्च राहतोच. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. ऐन प्रवेशाच्या गर्दीत तो मिळता मिळत नाही, आणि त्यापायी मुलींच्या जागा गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

त्या घरात पुढे काय झाले, हे आपल्याला ऐकायचे असेल. नातीला केंद्रीय फेरीत इलेक्ट्रॉनिक्स मिळाले. दाखले होते, शुल्क माफ झाले. ऑगस्टपासून ती महाविद्यालयात जाते आहे. पहिल्या आठवड्यात डब्यावरून घरात थोडी कुरबुर झाली असे कळते. नातवाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. त्याला व्यवस्थापन कोट्यातून घातले नाही, म्हणून त्याचे वडील आपल्या आईशी धड बोलत नाहीत. मी त्या मुलाला भेटले. मुलगा हुशार आहे, हात चांगला चालतो, घरातले पंखे आणि मिक्सर तोच उघडतो. मी पदविकेचे सुचवले, तिथून पुढे थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. त्याला ते कमीपणाचे वाटते. सध्या तो एका दुकानात दुरुस्तीचे काम शिकतो आहे आणि जानेवारीत काय ते ठरवीन म्हणतो. माझ्यामुळे एका घरात अबोला आला, याचे मला वाईट वाटते. पण आकडा मी चुकीचा सांगितला नव्हता.

पाटल्या मोडल्या नाहीत. त्या आज या सभागृहातच कोणाच्या तरी हातात आहेत. कृपा करून कोणी शोधू नये.

शेवटची सूचना चिटणीसबाईंच्या परवानगीने. दर शनिवारी दुपारी तीन ते पाच मी मंडळाच्या मागच्या खोलीत बसणार आहे. माहितीपत्रके, नेमणुकीची पत्रे, बँकेच्या कर्जाचे कागद, जे असेल ते आणावे. मुलीला बरोबर आणल्यास बरे, कारण तिनेच वाचायला शिकावे अशी माझी इच्छा आहे. पंखा दुरुस्तीला गेला आहे, तो आठवड्याभरात येईल.